पाऊण मिनिटाची आगगाडी

माझा सर्वांत लाडका फ्रेंच चित्रपट एक मिनिटाचाही नाही. ल्युमिए बंधूंच्या या मूकपटात ला सिओता स्टेशनात आगगाडी येते, माणसं चढतात-उतरतात, एवढंच. पण गाडी तिरपी, क्षणाक्षणाला मोठी होत पुढे येते आणि सपाट पडद्याला खोली मिळते. सिनेमा नुकताच जन्मलेला असताना केवढी ही जाण! ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएंचे खेळ झाले, तिकीट एक रुपया. त्यातही गाडी येण्याचं दृश्य होतं. आज तुम्हीही वाशिम स्टेशनवर अकोल्याची गाडी येताना फलाटावर जरा मागे, तिरपं उभं राहून बघा. ल्युमिएंनी कॅमेरा तिथेच का ठेवला, ते लगेच कळेल.