घर अलीकडे, पगार पलीकडे
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या बेळगावातून रोज सकाळी कितीतरी मुलं-मुली शिनोळीच्या कारखान्यांत कामाला जातात. घर कर्नाटकात, काम चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मग घरोघरी प्रश्न निघतो : कर कुठला? दोन्हीकडे कापणार का? आम्ही सरकारी नोकर, म्हणून लोक पगाराची स्लिप घेऊन आमच्याकडेच येतात. त्यातून जे समजलं, ते सांगतो.

आयकर केंद्राचा. तो सीमा मानत नाही. पॅन एक, विवरणपत्र एक. पगारातून राज्याचा कापला जातो तो व्यवसाय कर, आणि तो जिथे काम तिथला. रेशनकार्ड कुठलं, याच्याशी त्याचा संबंध नाही. राज्यघटनेच्या कलम 276 प्रमाणे तो वर्षाला 2,500 रुपयांपेक्षा जास्त असू शकत नाही.

दर मात्र वेगळे आहेत. कर्नाटकात महिन्याचा पगार 25,000 पेक्षा कमी असेल, तर हा कर नाही. महाराष्ट्रात पुरुषांना 10,000 च्या वर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये. महिलांना 25,000 पर्यंत माफी. म्हणजे 20,000 पगाराच्या मुलाला उद्यमबागेत काही नाही, शिनोळीत वर्षाला 2,500. त्याच पगाराच्या त्याच्या बहिणीला दोन्हीकडे शून्य. तिच्या स्लिपवर ही कपात दिसली, तर जरूर विचारा.

पण एवढ्यासाठी कुणी चांगली नोकरी नाकारू नये. किमान वेतनही कामाच्या ठिकाणचंच लागू होतं. ते आणि रोजचा गाडीखर्च मांडून मगच ठरवावं.

खरं नुकसान होतं ते पीएफचं. नोकरी बदलली, राज्य बदललं, की आपली मुलं पैसे काढून मोकळी होतात. यूएएन नंबर देशभर एकच असतो. जुनी रक्कम नव्या खात्यात वळवून घेतली, तर अलीकडची तीन वर्षं आणि पलीकडची सात मिळून दहा होतात, आणि दहा वर्षांच्या सेवेवर पेन्शनचा हक्क मिळतो. पैसे काढले, की ती वर्षं गेली.

म्हणून नेमणुकीचं पत्र आणि दरमहा स्लिप मागून घ्या, जपून ठेवा. ती वाचता येत नसेल, तर उद्या आरतीनंतर घेऊन या. आपण मिळून वाचू.

गणपती बाप्पा मोरया!