घरच्या संगणकावर पाठाचे ध्वनिमुद्रण
(पुणे येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



पुण्यात आकाशवाणीचे केंद्र १९५३ साली सुरू झाले. आकाशवाणीचा मुद्रणकक्ष बाहेरचा गोंगाट व आतील घुमारा टाळण्यासाठीच बांधलेला असतो. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक शिक्षकांनी घरच्या खोलीत पाठ मुद्रित करून मुलांकडे धाडले. त्या कामातील नेहमीच्या अडचणींवर उपाय आहेत.

आवाज मुळीच न आल्यास संगणकाने कोणता मायक्रोफोन निवडला आहे, ते प्रथम पाहावे. अखंड गुणगुण ही बहुधा आपल्या ५० आवर्तनांच्या वीजप्रवाहाची असते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. भोवती गोधड्या टांगाव्यात. 'प', 'फ', 'भ' उच्चारताना फुंकर बसते. म्हणून मायक्रोफोन वीतभर दूर व किंचित बाजूस ठेवावा. फाटलेला आवाज मागाहून सहसा सुधारत नाही. पातळी उतरवून पाठ पुन्हा म्हणावा.

गोंगाट पुसण्याची सोय मात्र जपून वापरावी. तिच्या अतिरेकाने 'स', 'श' हे ऊष्म वर्णही झिजतात. वर्गात मूल शिक्षकाच्या मुखाकडे पाहते, न कळल्यास पुन्हा विचारते. मुद्रित पाठापुढे त्याला केवळ कानाचा आधार असतो. 'माळ' आणि 'माल' यांतील भेद तेथे हरवला, तर पहिलीतील मूल चुकीचाच उच्चार पक्का करील. यास्तव आधी मिनिटभर मुद्रण करून ते हेडफोनने स्वतः ऐकावे व मगच पूर्ण पाठ म्हणावा, एवढीच माझी विनंती आहे.