आधी मैदान, मग विचारणा
(हैदराबादेत अफझलगंज परिसरातील मराठी रहिवाशांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. सीमाभागातील काही मंडळीही या सभेस उपस्थित होती.)



येथून हाकेच्या अंतरावर, उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात, चिंचेचे एक जुने झाड उभे आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला जो प्रलयंकारी पूर आला, त्यात या झाडाच्या फांद्यांवर चढून बसलेली सुमारे दीडशे माणसे वाचली. त्या पुरात प्राण गमावणारांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो. अफझलगंज त्या दिवशी अक्षरशः वाहून गेले. पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावून घेतले. त्यांनी नदीच्या वरच्या अंगास जलाशय बांधण्याची योजना दिली. तिच्यातूनच पुढे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. पण त्यांच्या अहवालात आणखी एक गोष्ट होती, तिचा उल्लेख क्वचितच होतो. शहरातील नदीचे काठ उंच बांधून घ्यावेत आणि त्यांवर लोकांना फिरण्यासाठी रस्ते व बागा कराव्यात, असे त्यांनी सुचविले होते. ज्या नदीने माणसे गिळली, तिच्या काठी माणसांनी संध्याकाळी मोकळा श्वास घ्यावा, ही त्या इंजिनिअरची दृष्टी होती.

यानंतर नेमल्या गेलेल्या नगरसुधार मंडळाने दाट वस्त्या हटविल्या, रस्ते रुंद केले. त्या वेळीही रहिवाशांचे मत कोणी घेतले नव्हते. ते एका माणसाचे राज्य होते आणि त्या राज्यात प्रजेने अर्ज करावयाचा, उत्तराची वाट पाहावयाची, आणि बहुधा ते न मिळताच घरी जावयाचे, अशी रीत होती. हैदराबादच्या मराठी माणसाला ही रीत चांगली ठाऊक आहे. तेव्हाचे सोडून देऊ. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मात्र ही रीत चालू राहावयास नको होती.

मी आज बोलणार आहे ते गोशामहालच्या मैदानाविषयी. येथून ते पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. 'गोशा' म्हणजे पडदा. कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याच्या काळात राजस्त्रियांच्या एकांत-विहारासाठी ही जागा तयार झाली. होय, तोच तानाशहा, ज्याच्या भेटीस १६७७ मध्ये शिवाजी महाराज भागानगरास आले होते. काळ बदलला, राजस्त्रिया गेल्या, पडदा गेला. जी जागा एका अंतःपुराची होती, ती पोलिसांचे क्रीडांगण झाली आणि हळूहळू भोवतालच्या वस्तीचीही झाली. २१ ऑक्टोबरला पोलिसांच्या स्मृतिदिनाचे संचलन येथे होत आले. उरलेल्या दिवशी पहाटे फिरणारी म्हातारी माणसे आणि चेंडू-फळी घेऊन धावणारी पोरे तेथे दिसत. बेगमबाजार, उस्मानगंज, सिद्दिअंबर बाजार आणि हे आपले अफझलगंज, या वस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना निराळे सांगावयास नको. खाली दुकान, वर घर, पुढे हातगाडी, आणि दोन घरांच्या मध्ये आकाशाची एक चिंधी. येथल्या मुलाला धावावयाचे असेल तर त्याने कोठे धावावे?

राज्य सरकारने ठरविले की उस्मानिया रुग्णालयाची नवी इमारत याच मैदानावर बांधावयाची. जागा सुमारे २६ एकर, खाटा दोन हजार. ३१ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कोनशिला बसली. परिसरातील रहिवाशांनी, फिरावयास येणारांनी, काही दुकानदारांनी विरोध केला. खेळण्याची जागा जाईल, आधीच कोंडलेल्या रस्त्यांवर गर्दी वाढेल, रुग्णालयाचा कचरा वस्तीत येईल, अशा त्यांच्या तक्रारी होत्या.

आता मला एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे, कारण ती न सांगता पुढे बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. नवे रुग्णालय हवे आहे. अफझलगंजातील जुनी वास्तू देखणी आहे, व्हिन्सेंट एश या वास्तुकाराचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. पण देखण्या छताखालून पाणी गळत असेल तर रुग्णाने छताकडे पाहावे की पाण्याकडे? जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी तिच्या वॉर्डांत शिरले, खाटांभोवती घोटाभर पाणी साचले, आणि त्याच महिन्यात ती इमारत बंद करावी लागली. या रुग्णालयात कोण येते? गाडीभाड्यापुरते पैसे घेऊन आलेला शेतमजूर येतो. बीदर, भालकी, उदगीरकडचा मराठी माणूसही पिढ्यान्‌पिढ्या येथेच येत आला. त्याला चांगली खाट मिळू नये असे म्हणणारा माणूस या सभेत नसावा. तेव्हा हा वाद रुग्णालय विरुद्ध मैदान असा नाहीच. ज्यांना तो तसा भासवावयाचा आहे, त्यांचे काम सोपे होते. 'तुम्हाला रुग्ण मरावयास हवेत काय?' एवढे विचारले की पहाटे फिरणारा म्हातारा खजील होऊन घरी जातो.

खरा प्रश्न निराळा आहे. रुग्णालय कोठे व्हावे, जुन्या आवारातच करता येते काय, मैदान घेतले तर त्याच्या बदल्यात त्याच वस्तीत दुसरी मोकळी जागा कोठे देणार, या प्रश्नांचा विचार कोनशिला बसण्यापूर्वी व्हावयास हवा होता, आणि तो येथील माणसांसमोर व्हावयास हवा होता. या वस्तीतले आम्हांला विचारले होते असे सांगणारा एकही रहिवासी मला अजून भेटलेला नाही.

कोणी म्हणेल, जागा पोलीस खात्याची. खात्याने खात्याला दिली. तुमचा संबंध काय? याचे उत्तर मी बंगळूरच्या एका खटल्यातून देतो. राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखून ठेवलेला एक भूखंड मुख्यमंत्र्यांच्या सूचनेवरून एका खाजगी वैद्यकीय न्यासास रुग्णालयासाठी देण्यात आला. भोवतालच्या रहिवाशांनी दाद मागितली. तेथेही हाच सवाल उठला होता की या शेजारपाजारच्या लोकांना न्यायालयात येण्याचा अधिकारच काय? खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९१ मध्ये न्यायालयाने तो वाटपाचा हुकूम रद्द ठरविला. रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे, उद्यान ही त्यांच्या निकडीची गोष्ट आहे आणि रुग्णालय कितीही उपयुक्त असले तरी उद्यानाची जागा ते घेऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. बंगळूरचे ते प्रकरण आणि गोशामहालचे प्रकरण सर्वस्वी एक नाहीत. तेथे आराखड्यात राखून ठेवलेले उद्यान होते आणि घेणारा खाजगी होता. येथे जमीन पोलिसांची आहे आणि रुग्णालय सरकारी आहे. वकील मंडळी हा फरक लगेच दाखवितील, आणि तो दाखविणे योग्यही आहे. परंतु शेजारच्या माणसाचा संबंध काय, या सवालाचे उत्तर त्या निकालाने कायमचे दिले आहे.

हरियाणातील थानेसर येथे नगरपालिकेने मोकळ्या जागेसाठी राखलेली जमीन एका सभेला धर्मशाळेसाठी भाड्याने दिली होती. १९९४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तीही परत मोकळी करण्यास सांगितले. धर्मशाळा हे पुण्यकर्म, रुग्णालय हे पुण्यकर्म. मोकळ्या जागेवर पुण्यकर्मांचाच डोळा अधिक असतो, हे मला या खटल्यांतून शिकावयास मिळाले.

आता सीमाभागातून आलेल्या बंधूंनो, तुम्ही म्हणाल, हैदराबादचे गाऱ्हाणे आम्हांला कशाला? सांगतो.

१९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांची यादी दिली. तिच्यात उद्याने, बगीचे आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तीन लाखांवर लोकवस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असे त्याच दुरुस्तीने सांगितले. सभागृहाची मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हावी, आणि सभागृह बरखास्त केले तर सहा महिन्यांच्या आत ती घ्यावी, हेही सांगितले. कागदावर याहून अधिक काय हवे? पण हैदराबादच्या महानगरपालिकेत २०१४ च्या अखेरीस मुदत संपल्यापासून फेब्रुवारी २०१६ पर्यंत लोकनियुक्त सभागृह नव्हते. मुंबईत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासक बसला. आणि बेळगाव? २००५ मध्ये महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला म्हणून तेथील महापालिका बरखास्त झाली, ही कथा तुमच्या घरातील पोरांनाही पाठ आहे. पुढेही सप्टेंबर २०२१ च्या निवडणुकीपूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ बेळगावचा कारभार प्रशासकाच्याच सहीने चालला. ज्या काळात शहराला नगरसेवक नसतात त्या काळात मैदानाला कोण असते? प्रशासक वाईट माणूस असतो असे नव्हे. पण तो बदली होऊन जातो. ज्या म्हाताऱ्याची सकाळची फेरी बंद झाली तो तेथेच राहतो.

मैदानाची आणखी एक बाजू आहे, आणि ती सीमाभागाला हैदराबादहून अधिक कळते. मैदान म्हणजे केवळ खेळ नव्हे. जेथे पाच हजार माणसे एकत्र बसू शकतात ती जागा म्हणजे सभा. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर डिसेंबर २०२२ मध्ये समितीच्या महामेळाव्यास परवानगी नाकारण्यात आली, हे तुम्ही अनुभवले आहे. येथे हैदराबादेत इंदिरा पार्कजवळचा धरणा चौक २०१७ मध्ये सरकारने बंद केला आणि आंदोलकांना शहराच्या वेशीबाहेर जाण्यास सांगितले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो पुन्हा खुला केला. त्या वेळी एक कारण असे पुढे आले होते की घोषणांच्या गोंगाटाने बागेत फिरणाऱ्यांना त्रास होतो! म्हणजे चौक बंद करावयाचा असेल तेव्हा फिरणाऱ्याचे गाऱ्हाणे सरकारच्या कानी पडते. मैदान घ्यावयाचे असेल तेव्हा तेच कान बहिरे होतात.

आणि राहिला भाषेचा प्रश्न. महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यात आराखड्यातील आरक्षण बदलावयाचे तर नोटीस प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. हैदराबादला लागू असलेल्या नागरी विकास कायद्यातही तशी तरतूद आहे. ठीक आहे. पण नोटीस कोणत्या भाषेत? जी नोटीस वाचता येत नाही ती काढली काय आणि न काढली काय! १९५६ मध्ये, राज्यांची पुनर्रचना होत असतानाच, भारत सरकारने अल्पभाषिकांच्या संरक्षणाचे जे टिपण काढले त्यात असे सुचविले होते की ज्या गावात अल्पभाषिकांचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत निघाव्यात. बेळगाव, निपाणी, खानापूर येथे मराठी माणसांचे प्रमाण पंधरा टक्के आहे की किती आहे, हे मी तुम्हांला सांगावयास नको, हसू नका. आपण मराठी परिपत्रके मागतो तेव्हा आपल्याला भाषेचे वेड लागले आहे असे म्हणतात. उद्या गल्लीतील मैदानावर बांधकाम व्हावयाचे असेल आणि हरकतीची मुदत महिनाभराची असेल, तर तो महिना त्या कागदातील मजकूर उलगडून घेण्यातच जातो. तेव्हा भाषेच्या आग्रहाचा आणि पोराच्या खेळण्याचा संबंध किती जवळचा आहे, ते त्या वेडाची थट्टा करणारांना दिसेल.

येथे हैदराबादेत आपली स्थिती आणखी नाजूक आहे. १९०७ साली केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक प्रभृतींनी विवेकवर्धिनी काढली, तेव्हा गवळीगुडा आणि सुलतानबाजार येथे मराठी कानावर पडत असे. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा एकीकडे गेला, बीदर-भालकी दुसरीकडे, आणि आपण येथेच राहिलो. आपण पंधरा टक्के नाही, पाचही नाही. आपल्यासाठी कोणी मराठी नोटीस काढणार नाही, आणि ती मागण्याइतके आपण भाबडेही नाही. पण घटनेच्या ३५० व्या कलमाने कोणत्याही नागरिकास आपले गाऱ्हाणे देशातील किंवा राज्यातील वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. हे गाऱ्हाणे आपण तेलुगूत आणि उर्दूतही मांडू, कारण गोशामहालच्या मैदानावर धावणारी बहुतेक पोरे त्याच भाषांत ओरडत असत, आणि त्यांच्याशिवाय हा लढा होणार नाही.

मागावयाचे काय? रुग्णालय थांबवा असे मी म्हणत नाही. दोनच गोष्टी मागावयाच्या. पहिली, नव्या इमारतीच्या नकाशात वस्तीसाठी किती मोकळी जागा राहणार ती आकड्याने सांगा, आणि जेवढी कमी पडेल तेवढी याच परिसरात द्या. शहराबाहेर दहा कोसांवर दिलेले मैदान या मुलांच्या उपयोगाचे नाही. दुसरी गोष्ट अफझलगंजची. रुग्णालय येथून हलले की नदीकाठचे हे जुने आवार रिकामे होईल. त्या जागेचे काय करावयाचे हे अजून जाहीरपणे ठरावयाचे आहे. ते ठरण्यापूर्वी आपण बोललो तर ती विचारणा ठरेल, ठरल्यावर बोललो तर ती तक्रार ठरेल. चिंचेचे झाड, त्याभोवतीची मोकळी जमीन आणि नदीकडची बाजू लोकांसाठी खुली राहावी, एवढेच लेखी मागावयाचे.

अर्जाचा मसुदा तीन भाषांत तयार आहे आणि तो दाराजवळच्या मेजावर ठेवला आहे. सही करताना खाली पत्ता लिहावयास विसरू नका, कारण बिनपत्त्याचे अर्ज कचेरीत वेगळ्या गठ्ठ्यात बांधतात, आणि तो गठ्ठा पुन्हा सुटत नाही. सीमाभागातील मंडळींनी एकेक प्रत बरोबर न्यावी. मैदानाचे नाव बदलले की ती तुमच्याही गावी चालेल.