कार्ड घेण्यापूर्वी एसएमपीएस पाहा



मुलगा किंवा मुलगी आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशन शिकू लागली की घरात ग्राफिक्स कार्डाची मागणी येते. आपण पोटाला चिमटा काढून ते आणतो. कार्ड बसते, पडदा उजळतो; पण मोठे काम सुरू केले की संगणक एकदम बंद! मुलांना वाटते, कार्ड खराब निघाले. पुष्कळदा कमी पडतो तो एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा.

मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला फार तर 75 वॅट मिळतात. जास्त लागले तर एसएमपीएसमधून वेगळी तार जोडावी लागते. सहा पिनांची 75 वॅटची, आठ पिनांची 150 वॅटची. आरटीएक्स 3060 हे कार्ड 170 वॅट घेते आणि त्यासाठी कंपनी 550 वॅटचा एसएमपीएस सुचवते.

डब्यावर मोठ्या अक्षरांत 450 छापलेले पाहून मात्र फसू नका. 12 व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती, ते वाचा. तिथे 18 असतील तर 12 गुणिले 18, म्हणजे 216 वॅटच झाले. आणि प्रोसेसरचे पोटही त्यातूनच भरायचे आहे!

हार्ड डिस्कच्या तारेला जोडतुकडा लावून आठ पिना करून देणारेही भेटतात. ती तार एवढ्या भाराची नसते, तापून वितळू शकते. त्यांना साफ नकार द्या. हात आखडता असेल तर वेगळी तार न लागणारे 75 वॅटपर्यंतचे कार्ड शोधा. जीटीएक्स 1650 मध्ये अशी काही होती. आणि दुकानात जाताना एसएमपीएसच्या लेबलाचा फोटो बरोबर ठेवा.