डफाची थाप आणि कामगारांचा संप



आम्ही गिरणीतली माणसं. आमची शाळा चौथीच्या आतच सुटली. पण गाण्याबद्दल बोला म्हणालात, म्हणून उभे राहिलो.

१९२८ साली मुंबईच्या मालकांनी नवी टूम काढली. दोन माग चालवणाऱ्यानं तीन चालवायचे, उरलेल्यांनी घरी बसायचं! त्याविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले. त्याच संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

एवढ्या माणसांना मागणी समजावायची कशी? हस्तपत्रक वाचणारा खोलीत एखादाच. पण घाटावरच्या माणसाच्या कानात पोवाडा होता, तमाशा होता. कोकणच्या माणसाच्या पायात जाखडी होती. हा ठेवा कामगारानं गावाहून गाठोड्यात बांधूनच आणला होता.

तो चळवळीच्या कामी लावला शाहिरांनी. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊ वाटेगावचे. शाळा जवळजवळ नाहीच, मुंबईत गिरणीतही राबले. त्यांनी तमाशाचा घाट ठेवला, आतला माल बदलला. गणात देवाऐवजी मायभूमीला वंदन आलं, वगात सावकार आणि मालक आले.

चाल ओळखीची, शब्द नवे. म्हणून एकदा ऐकलं की दुसऱ्या खेपेला झीलकऱ्यांबरोबर अख्खी सभा ध्रुपद ओढते. पत्रक फाडता येतं. पाठ झालेलं गाणं कोण हिसकावणार? गाण्यानं चूल पेटत नाही, हे खरं. त्याला वर्गणी लागते, धान्य लागतं, कमिटी लागते. पण एकट्या माणसाच्या पोटात जी भीती असते, ती हजारांच्या आवाजात विरते.

१९५६ नंतर हीच शाहिरी संयुक्त महाराष्ट्रासाठी उभी राहिली. गावाकडं राहिलेल्या बायकोचा विरह सांगता सांगता अण्णाभाऊंनी तुटलेल्या मुलखाचं दुःख सांगितलं. १ मे १९६० ला, कामगार दिनालाच, मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव-कारवार बाहेरच राहिले.

अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघंही १९६९ साली गेले. त्यांची नावं राहिली. पण चाळीचाळीतून गाणारे कितीतरी बिननावाचे होते. त्यांची गाणी कागदावर नाहीत, म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत. ते तोंड मिटलं की गाणंही गेलं.

तेव्हा एवढं करा. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, विचारा, लिहून घ्या. दहा ओळी आठवत असतील तर दहाच लिहा. पण चाल कुठली तेही लिहा. आणि पोरांकडून म्हणवून घ्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!