गाडीचा उजेड कुणाच्या डोळ्यांत?

जेवणं आटोपली असतील, भांडी घासून झाली असतील, तर दहा मिनिटं निवांत बसा. आज आपण गाडीच्या हेडलाईटबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हा तर माणसांचा विषय. आम्हीही तेच म्हणत होतो. पण गाडी बचत गटाची, कर्ज गटाच्या नावावर, आणि अंधार पडल्यावर रस्त्याच्या कडेने चालतो त्याही आपणच. मग हा विषय आपला नाही तर कुणाचा?

आमच्या गटाने कर्ज काढून एक जुना छोटा टेम्पो घेतला. काटोलकडची संत्री आणि भाजी घेऊन तो पहाटे तीनला नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघतो. गटातल्याच एका काकूंचा मुलगा तो चालवतो. अंधारात रस्ता नीट दिसत नाही म्हणून त्याने एका दुकानात जुने बल्ब काढून पांढरेशुभ्र एलईडी बसवून घेतले. दुकानदार म्हणाला, रात्रीचा दिवस होईल. झालाही. आम्ही खूश झालो, पैसे गटाच्या वहीत लिहिले आणि विसरून गेलो.

महिन्याभरात आमच्याच गावची एक मावशी शेतातून उशिरा परतताना रस्त्याकडेच्या चरात पडली. मनगट मोडलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "समोरून गाडी आली अन् डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं. पाय कुठे टाकते तेच समजलं नाही." गाडी कुणाची होती ते ती आपणहून बोलली नाही. आम्हीच विचारलं. तेव्हा खाली बघत म्हणाली, "तुमचीच होती, बाई."

त्याच सुमारास टेम्पोची पासिंग आली. पासिंग म्हणजे फिटनेस, गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही त्याची तपासणी. भाड्याच्या किंवा मालाच्या नव्या गाडीला पहिला फिटनेस दोन वर्षांचा मिळतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तो नवा करावा लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं ५६ वं कलम सांगतं की अशा गाडीला फिटनेस नसेल तर तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. म्हणजे नंबर प्लेट आहे, पण कायद्याच्या लेखी गाडी नाहीच.

तपासणाऱ्या साहेबांनी दिव्यासमोर एक यंत्र आणून उभं केलं. ब्रेक चांगले होते, टायर चांगले होते, पण दिव्यावर त्यांनी गाडी परत पाठवली. आम्ही म्हटलं, "साहेब, अप्पर नाही, डिप्परच लावलाय." ते म्हणाले, "डिप्पर नावाला आहे. उजेड वर चाललाय आणि उजवीकडे चाललाय."

वर चाललाय हे समजलं. पण उजवीकडे गेला तर काय बिघडतं? तेव्हा आम्हाला एक घरगाडी आठवली. आदल्या हिवाळ्यात रामटेकला जाताना मनसरजवळच्या ढाब्यावर ती उभी होती. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळा संसार. नंबर परदेशी, स्टिअरिंग डावीकडे. आणि दोन्ही हेडलाईटच्या काचेवर एका कोपऱ्यात काळी पट्टी चिकटवलेली. आमच्यातली एक म्हणाली होती, "दृष्ट लागू नये म्हणून असेल." आम्ही हसलो होतो. साहेबांना त्या पट्टीबद्दल विचारलं आणि सगळा उलगडा झाला.

आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. समोरची गाडी आपल्या उजव्या हाताने जाते. म्हणून आपल्या हेडलाईटचा डिप्पर मुद्दाम वाकडा बनवलेला असतो. उजवीकडचा उजेड खाली दाबलेला, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. डावीकडचा उजेड जरा वर चढलेला, म्हणजे रस्त्याची डावी कड लांबपर्यंत दिसते. त्या कडेला कोण असतं? सायकलवाला असतो, बंडी असते, काळीपिवळीची वाट पाहणाऱ्या आपण असतो. तो डावीकडे चढलेला उजेड आपल्यासाठी असतो.

युरोपातल्या बहुतेक देशांत, अमेरिकेत गाड्या उजव्या बाजूने चालतात. तिथला दिवा बरोबर उलटा, उजवीकडे चढणारा. तीच गाडी तशीच आपल्या रस्त्यावर आली तर तिचा डिप्परसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो आणि डाव्या कडेला अंधार राहतो. म्हणून काचेचा जो भाग उजेड उजवीकडे वर फेकतो, तो पट्टीने झाकायचा. ढाब्यावरची ती पट्टी दृष्टीसाठी नव्हती, तुमच्या-आमच्या डोळ्यांसाठी होती.

उलट बाजूनेही हेच लागू. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारुलता पटेल-कांबळे यांनी २०१६ साली ब्रिटनहून भारतापर्यंत एकटीने मोटार चालवत आणली, ३२ देश ओलांडून. ब्रिटनच्या गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. तिथली गाडी समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये उतरली की तिचा दिवा चुकीचा ठरतो आणि तिलाही पट्टी लावावी लागते. स्वीडन देशाने तर ३ सप्टेंबर १९६७ रोजी डावी बाजू सोडून उजवी धरली, तेव्हा गाड्यांचे हेडलाईटही बदलावे लागले.

आपल्या सरकारचे नियमही हे ओळखून आहेत. परदेशातून गाडी आणून कायमची इथे ठेवायची असेल, तर आयातीच्या अटींप्रमाणे स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि हेडलाईटचा उजेड डाव्या बाजूने चालणाऱ्या रस्त्याला साजेसा हवा. प्रवासी म्हणून थोड्या मुदतीसाठी आलेल्या गाडीला डावं स्टिअरिंग चालतं. तिच्यासाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. नोंदणीचं पुस्तक, लायसन, विमा आणि धुराचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं लागतं, आणि इथली भाड्याची माणसं किंवा माल तिच्यात घेता येत नाही. शिवाय कायद्याचं १२० वं कलम म्हणतं की डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला वळण्याचा इशारा देणारं साधन चालू स्थितीत असलंच पाहिजे.

आता तुम्ही विचाराल, तुमच्या टेम्पोचं स्टिअरिंग तर उजवीकडेच, मग त्याचा उजेड कसा बिघडला? त्याचं उत्तर बल्बमध्ये आहे. जुन्या हॅलोजन बल्बमध्ये डिप्परच्या तारेखाली एक छोटी वाटी असते. ती उजेड अडवते आणि त्याला आकार देते. आमच्या दिव्याची आरशासारखी चकचकीत पाठ त्याच बल्बच्या मापाने बनवलेली. त्यात दुसऱ्याच घडणीचा एलईडी घातला, तोही खाचेत नीट न बसवता तिरपा, की आकार मोडतो आणि उजेड जिकडे-तिकडे फाकतो. उजेड वाढला होता, पण रस्त्यावर पडत नव्हता. मावशीच्या डोळ्यांत पडत होता.

मैत्रिणींनो, हे तपासायला यंत्र लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम लक्षात ठेवा. दिव्यापासून आठ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या हाताला अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कुणाचे डोळे असतील, तर ते दिपता कामा नयेत. आता हे आपल्या मापात घ्या. आठ मीटर म्हणजे सतरा-अठरा हात. अर्धा मीटर म्हणजे हातभर आणि वर दोन बोटं. दीड मीटर म्हणजे पाच फुटाला इंचभर कमी, साधारण उभ्या बाईच्या डोळ्यांची उंची. जणू आपल्यालाच उभं करून तो नियम लिहिला आहे.

दुसरी तपासणी भिंतीवरची. संध्याकाळी सपाट जागेवर शाळेच्या भिंतीसमोर गाडी उभी करा, भिंतीपासून तेच सतरा-अठरा हात लांब. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. डिप्पर लावा. उजव्या बाजूला उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चार-सहा बोटं खाली हवी. डावीकडे ती थोडी चढलेली दिसावी. उजवीकडे चढलेली दिसली, किंवा कडच दिसत नाही, नुसता धूसर गोळा दिसतो, तर दिवा चुकला.

आणि ही तपासणी दोनदा करा. एकदा रिकाम्या गाडीची, एकदा माल भरून. मागे संत्र्याची खोकी भरली की गाडीचं तोंड वर उचलतं आणि उजेडही वर जातो. पासिंगला गाडी रिकामी जाते, पण रात्री ती भरलेली धावते. बऱ्याच दिव्यांना आतून एक स्क्रू किंवा ड्रायव्हरजवळ एक चाक असतं, त्याने उजेड खाली घेता येतो. मेकॅनिकला विचारून ते शिकून घ्या. काच रोज ओल्या फडक्याने पुसा. मळक्या काचेचा उजेडही फाकतो.

आम्ही काय केलं तेही सांगतो. पहिल्या बैठकीत भांडण झालं. कुणी म्हणालं, दुकानदाराची चूक. कुणी म्हणालं, पोराची चूक. काकू रडायला लागल्या. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं की बल्बचे पैसे वहीत लिहिताना सही आपण सगळ्यांनी केली होती. गाडी गटाची, तर चूकही गटाची. मावशीच्या औषधपाण्याचा खर्च आणि तिची बुडालेली मजुरी गटाच्या बचतीतून दिली. जुन्या पद्धतीचे बल्ब परत बसवले, दिवे खाली घेतले, आणि पुन्हा पासिंगला नेलं. गाडी पास झाली. मधल्या काळात बाजाराच्या खेपा बुडाल्या, त्या महिन्याचा हप्ता भरताना फार ओढाताण झाली.

पासिंग झाल्यावर त्याच संध्याकाळी माल भरून टेम्पो शाळेसमोर उभा केला. सतरा-अठरा हात मोजले. तिथे उभं कोण राहणार? हाताला प्लास्टर घातलेली मावशी स्वतःच पुढे आली. पोराने डिप्पर लावला. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आता तुझं तोंड दिसते, रे."

येत्या बैठकीत तुमच्या गटाची गाडी, गावातला टेम्पो, काळीपिवळी, जी रोज आपल्या रस्त्याने धावते ती भिंतीसमोर उभी करा. ड्रायव्हरदादा चिडले तर चिडू द्या. मोजायला दोरी घ्या, खडू घ्या, आणि उभं राहायला तुमच्यातल्याच एकीला सांगा. काय दिसलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर राम राम.