गव्हाचे माल्ट आणि ज्वारीची आंबील



जर्मनीच्या बव्हेरिया भागात गव्हाची बिअर प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी वापरायच्या माल्टमध्ये किमान निम्मे माल्ट गव्हाचे असावे, असा तिथला नियम आहे. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार परवान्याशिवाय बिअर किंवा कोणतीही दारू तयार करणे हा गुन्हा आहे, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. पण गव्हाचे माल्ट करण्यास कोणतीही आडकाठी नाही. ते आपल्या आंबिलीत घातले, तर उन्हाळ्यात सहज पिता येईल असे पातळ, किंचित गोड-आंबट पेय घरीच तयार होते.

वाशीम जिल्ह्यात खरिपाचे बहुतेक क्षेत्र आता सोयाबीनकडे गेले आहे. ज्वारी मागे पडली आणि तिच्याबरोबर घरची आंबीलही. कारंजा, मानोरा, रिसोड, सगळीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा उन्हात राबणाऱ्याच्या शरीरातून घामावाटे पाणी आणि मीठ जाते. मीठ घातलेली आंबील दोन्हीची भर काढते, शिवाय पोटाला आधार देते. बाजारातील रंगीत थंड पेयात पाणी आणि साखर असते, धान्य नसते.

प्रथम माल्ट कसे करावे ते पाहू. एक किलो चांगला, न फुटलेला गहू निवडून घ्यावा. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे चुकूनही वापरू नये, ते विषारी असते. नुकत्याच काढलेल्या गव्हाला काही आठवडे सुप्तावस्था असते व मोड नीट येत नाहीत. त्यामुळे मागील हंगामाचा गहू घेऊन हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करावे. मे महिन्याच्या उकाड्यात मोड येण्याआधीच धान्य आंबून बुरशी धरते.

गहू स्वच्छ धुवून 10 ते 12 तास भिजत घालावा व मध्ये एकदा पाणी बदलावे. नंतर पाणी निथळून ओल्या सुती कापडात बांधावा. दिवसातून दोन-तीन वेळा पाणी शिंपडावे. साधारण दीड ते दोन दिवसांत मोड येतात. मग गहू पातळ पसरून कडक उन्हात वाळवावा. दाणा दाताखाली कडकन फुटला की वाळला असे समजावे. वाळलेले मोड व मुळ्या हाताने चोळून पाखडून काढाव्यात. जास्त भाजू नये, कारण उपयोगी विकर उष्णतेने निकामी होते. दळलेले पीठ हवाबंद डब्यात ठेवून महिनाभरात संपवावे. काळी-हिरवी बुरशी किंवा कुबट वास आला तर सगळे फेकून द्यावे.

ज्वारीला मोड आणून माल्ट करू नये. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन जनावरांना विषबाधा होते हे आपण जाणताच. तेच विषारी द्रव्य ज्वारीच्या मोडात असते. म्हणून ज्वारी पिठाच्या रूपात घ्यावी आणि माल्ट गव्हाचे करावे.

आता कृती. एक लिटर पाण्यात 80 ग्रॅम ज्वारीचे पीठ गुठळ्या न होऊ देता कालवून शिजवावे. घट्ट पेज झाली की उतरवून 60 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे बोट बुडवताच काढून घ्यावे लागेल इतपत, निवू द्यावी. त्यात दोन चहाचे चमचे माल्टचे पीठ घालून ढवळावे. काही मिनिटांतच पेज पातळ होते, कारण माल्टमधील अमायलेज हे विकर पिष्टाचे साखरेत रूपांतर करते. नंतर पाच मिनिटे पुन्हा उकळावे, हे विसरू नये. कोमट झाल्यावर उकळलेल्या दुधाच्या दह्याचे ताजे ताक एक वाटी घालून झाकून ठेवावे. उन्हाळ्यात सहा-आठ तास पुरतात. सकाळी मीठ, जिरे व उकळून गार केलेले अर्धा लिटर पाणी घालून प्यावे.

फळांचा स्वाद हवा असल्यास संत्र्याचा रस, उकडलेल्या कैरीचा किंवा बेलफळाचा गर चौथा हिस्सा घालावा. संत्र्याच्या बिया चिरडू नयेत, रस कडवट होतो. फळ मात्र पिताना घालावे, रात्री नव्हे. फळाच्या सालीवरील किण्व साखरेपासून वायू आणि अल्कोहोल तयार करते. याच कारणाने आंबील बाटलीत घट्ट बुच लावून साठवू नये, बाटली फुटू शकते. तांब्या-पितळेचे भांडे टाळावे, स्टीलचे किंवा मातीचे वापरावे. आंबील त्याच दिवशी संपवावी. फेस किंवा दारूसारखा वास आल्यास टाकून द्यावी.

लहान मुलांसाठी तर ही माल्टची युक्ती फार मोलाची आहे. मुलाचे पोट लहान असते, घट्ट पेज ते फारशी खात नाही आणि पाणी घालून पातळ केली तर धान्य कमी पडते. माल्टमुळे धान्य तेवढेच राहून पेज पातळ होते. सहा महिन्यांवरील बाळाला द्यायची असल्यास ताक, मीठ न घालता, दुसऱ्या उकळीनंतर ताजी व कोमट द्यावी. ज्यांना गहू सोसत नाही त्यांनी मात्र हे माल्ट घेऊ नये.

बचत गटांना माल्टचे पीठ विकायचे असेल, तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. आणि येत्या हंगामात सोयाबीनच्या शेजारी घरापुरती चार ओळी ज्वारी अवश्य पेरावी.